ताहेरचं टचिंग

लातुरातल्या निदान तीनशे डॉक्टरांनी आयुष्यात अंगावर चढवलेला पहिला कोट एकच आहे. काळा, खांद्यात ढगळ, डाव्या खिशाला शाईचा डाग. तो ताहेरच्या स्टुडिओत आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. बारावीचं पोरगं येतं, कोट चढवतं, दोरीला बांधलेला कंगवा डोक्यातून फिरवतं आणि स्टुलावर बसतं. मग ताहेर ठरलेल्या तीन आज्ञा सोडतो. "हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या. पापणी हलवू नका." खटका दाबला की झालं. मागं निळा पडदा, आठ कॉपी, अर्ध्या तासात हातात.

त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. माझं नाव वीरभद्र, पण ताहेर मला अप्पा म्हणतो, म्हणून सगळी क्लासची गल्ली अप्पाच म्हणते. फॉर्म सुटले की आमच्या दोन दुकानांपुढची रांग पार चौकापर्यंत जाते. नांदेडहून, लोह्याहून, देवणीहून आईबाप लेकरं घेऊन येतात, माझ्याकडं मार्कमेमोच्या कॉप्या काढतात आणि ताहेरकडं फोटो. या रांगेवर आम्ही दोघांनीही घरं बांधली, खोटं कशाला बोलू.

ताहेरचं खरं नाव झालं ते टचिंगसाठी. फोटो कॉम्प्युटरवर घेतला की हा माणूस माऊस धरून बसलाच. मुरूम काढ, कांजिण्यांचे व्रण काढ, डोळ्याखालचं काळं काढ. पोरींच्या आया लई खूश. एकदा शिवम नावाच्या पोराच्या नाकावरचा हरभऱ्याएवढा तीळच यानं उडवला. पोरगं परीक्षेला गेलं तर पर्यवेक्षक बाई त्याला आत सोडेनात. म्हणाल्या, फोटोतलं नाक तुझं नाही. शेवटी त्याचा बाप स्टुडिओत येऊन जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. ताहेर मात्र शांतपणे म्हणाला, "भाऊ, पोराचा चांगला फोटो काढला, तर त्यात माझं काय चुकलं?"

तर असा हा माणूस. उंचीनं बेताचा, बोलण्यात मऊ, आणि हट्टाला असा पेटणारा की वहिदाभाभीनं हात टेकलेले. भाभी काउंटरवर बसून फोटो कापायची. तिच्या कात्रीची आणि तोंडाची धार सारखीच. ती म्हणायची, "अप्पा, तुमच्या दोस्ताला दोन बायका आहेत. एक मी, आणि एक तो पाणकावळा. मी घरात असते म्हणून माझी किंमत नाही."

कारण दर रविवारी पहाटे ताहेर तळ्यावर जायचा, पक्ष्यांचे फोटो काढायला.

तळं निलंग्याच्या बाजूला, लातूरपासून दीडेक तासावर. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावाच्या खालच्या अंगाला आहे. फार खोल नाही. दिवाळीनंतर पाणी मागं सरकतं आणि मैदानभर चिखल उघडा पडतो, की पक्ष्यांची जत्रा भरते. ताहेरला मी एकदा विचारलं होतं, इतकी तळी सोडून हेच का? तो म्हणाला, "भूकंपाच्या कामाला गेलो होतो ना, तेव्हा दिसलं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मीही खोदून विचारलं नाही. लातुरात ज्याला त्याला त्र्याण्णवचं काही ना काही असतंच.

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. पण माझ्याकडं मोटारसायकल होती आणि ताहेरला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण वाटेत तारेवर खंड्या दिसला की त्याचे हात हँडल सोडायचे. दोनदा आम्ही शेतात गेलो. तिसऱ्यांदा भाभीच मला म्हणाली, तुम्ही चालवा, मला हा माणूस अजून पाहिजे. तेव्हापासून दर रविवारी मी पुढं, ताहेर मागं, त्याच्या मांडीवर हैदराबादहून आणलेली जुनी लांब नळीची लेन्स आणि माझ्या पाठीत त्याचा स्टँड टोचतोय. सुट्टीच्या दिवशी माणसानं झोपावं की नाही?

तळ्यावर गेल्यावर तर विचारूच नका. चिखलात पोटावर पडून हा पक्ष्यांना हळूच आज्ञा द्यायचा. "हनुवटी खाली... बस्स... पापणी हलवू नको..." वर मला म्हणायचा, "खुदा कसम अप्पा, पक्षी माझं ऐकतात." आणि फोटो कसे? सगळे समोरून! बगळा समोरून, शेकाट्या समोरून. कुदळ्याची ती लांब वाकडी चोच समोरून काढल्यावर नाकाच्या जागी एक ठिपका. मी म्हटलं, "अरे, बाजूनं काढ की." तो म्हणाला, "बाजूनं काढलेला फोटो कोण स्वीकारतं, अप्पा?" वीस वर्षांची सवय, जाईल कशी?

आणि मग टचिंग. शेकाट्याच्या तंगड्यांचा चिखल पुसायचा. बगळा आणखी पांढरा करायचा. एखादं पीस वाकडं असेल तर सरळ करून बसवायचं. सुरुवातीला तर यानं मागचं तळं काढून तिथं निळा पडदासुद्धा टाकला होता. एक टिबुकली, पाण्यात बुड्या मारणारं ते छोटं पाखरू, अशी दिसत होती की बस आता बारावीचा फॉर्म भरायचीच राहिली.

तळ्याकाठी केवळाबाईंचं शेत. साठीची बाई, दोन देवणी गाई, दोन एकर हरभरा. आम्ही गेलो की ती गाईची धार काढता काढता ओरडायची, "आले गं बाई, बदकांचे सोयरे आले! काय रे ताहेर, सोयरीक जमली का न्हाई अजून?" ताहेर तिला मावशी म्हणायचा. ती आम्हाला तांब्याभर ताक द्यायची आणि त्याबदल्यात तासभर टिंगल करायची. त्यांची ओळख कितीची आणि कुठली, मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तळ्यावरचीच असेल.

दोन हजार नऊच्या दिवाळीत पुनम आली. नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नांदेड-लातूरच्या पाणपक्ष्यांवर पुस्तिका काढत होती, कुणीतरी तिला ताहेरचं नाव सांगितलं. तिनं स्टुडिओतल्या स्टुलावर बसून अल्बम चाळला. चाळता चाळता तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं आता ही पोरगी हसणार, आणि हसलीच. म्हणाली, "काका, ह्यांच्यापैकी कुणाला पासपोर्ट काढायचा असेल तर लगेच मिळेल." पण मग गंभीर झाली. म्हणाली, इतक्या जवळून इतक्या पक्ष्यांना न उडवता कुणी बघितलेलं मी तरी पाहिलं नाही. ह्यांतले चाळीस घेते. प्रत्येकाखाली तुमचं नाव. आणि मुखपृष्ठावर एक चांगला द्या, तिथं नाव मोठ्या अक्षरात.

त्या दिवशी ताहेरनं मला दोनदा चहा पाजला. तो म्हणाला, "अप्पा, दोन्ही जिल्ह्यांच्या सगळ्या फायलींत माझे फोटो चिकटवलेत. एकावर तरी माझं नाव आहे का? वर शिक्का पडतो तोही साहेबाचा." मी म्हटलं, "पासपोर्ट फोटोवर सही कोण करतं बे?" तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय." मग पुढचे पंधरा दिवस जो येईल त्याला हा सांगायचा, पुस्तक येतंय, मुखपृष्ठ माझं आहे. गल्लीतल्या प्रत्येकाला, चहावाल्याला, क्लासच्या वॉचमनला. भाभीनं कपाळाला हात लावला.

डिसेंबरात पट्टकदंब उतरले. करडे, मोठे हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येतात म्हणे. चाळीसेक असतील. त्या रविवारी नेमका मला ताप होता, म्हणून ताहेर एसटीनं एकटाच गेला. आणि मुखपृष्ठ घेऊन आला. एक हंस थेट कॅमेऱ्यात बघतोय, मान ताठ, हनुवटी खाली. मीसुद्धा बघतच राहिलो. पुनमला फोटो पाठवला, तिलाही आवडला.

जानेवारीत ती स्वतः तळ्यावर येऊन गेली आणि तिथून तडक स्टुडिओत. दम लागलेला, बुटांना चिखल.

"काका, त्या थव्यात एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी आहे! लांब होता, नंबर वाचता आला नाही. तुमच्या फोटोंत तो आलाय का बघू."

ताहेर माऊसवरची धूळ पुसायला लागला. तिनंच कॉम्प्युटरवर मुखपृष्ठाचा हंस उघडला आणि मान मोठी करून बघितली. मग आणखी मोठी केली.

"हे पीस इथं आणि इथं अगदी सारखंच कसं?"

"टचिंग केलंय," ताहेर म्हणाला.

"काय होतं तिथं?"

"कचरा. प्लास्टिकचं काहीतरी अडकलं होतं."

"हिरवं?"

"हिरवं."

पुनम स्टुलावर बसली. आवाज न चढवता तिनं समजावून सांगितलं. मंगोलियात माणसं ह्या पक्ष्यांना धरून गळ्यात नंबराची पट्टी घालतात आणि सोडून देतात. पुढं जगात कुणीही तो नंबर वाचून कळवला, की तो पक्षी कुठून कुठं गेला हे समजतं. दुसरा मार्गच नाही. असा पक्षी आपल्या भागात दिसणं म्हणजे पुस्तिकेचं सोनं. "मूळ फोटो असेल ना?"

नव्हता. हजारो पोरांचे फोटो म्हणून ताहेरची पद्धत अशी, की टचिंग केलं की जुन्यावरच सेव्ह. मूळ कधीच शिल्लक नाही.

माझं डोकं फिरलं. "अरे शहाण्या," मी ओरडलो, "मंगोलियाहून पाखरू आलं, गळ्यात पत्ता बांधून आलं, आणि तू त्याचा तीळ काढलास होय!" गिऱ्हाइकं हसली. पुनम हसली नाही. ती म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण टचिंग केलेला फोटो मी छापू शकत नाही. एकात काही पुसलंय असं कळलं तर अख्ख्या पुस्तिकेवर कोण विश्वास ठेवेल? म्हणजे ते चाळीसही गेले." मग म्हणाली, "पंधरा फेब्रुवारीला छपाईला जातंय. तोवर त्या हंसाचा एक न पुसलेला फोटो द्या, नंबरासकट. मुखपृष्ठ तुमचं. नाही जमलं तर मी नांदेडच्या कुणाचा तरी घेईन." ती गेली. भाभीनं कात्री खाली ठेवली आणि त्या दिवशी नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. यावरून काय ते समजा.

मला वाटलं, आता हा गडी पेटणार. रोज तळ्यावर जाऊन बसणार. पण नाही! रविवारी आम्ही गेलो, तर थवा उगवतीच्या काठाला आणि ताहेरचा स्टँड मावळतीला. खंड्याचे फोटो काढतोय. मी म्हटलं, "हंस तिकडं आहेत." तो म्हणाला, "उजेड बरोबर नाही." पुढच्या रविवारी म्हणाला, वारा आहे. त्याच्या पुढच्या रविवारी लेन्सवर धूळ बसली. गावभर बोंबलून सांगितलेलं मुखपृष्ठ हातचं चाललंय आणि हा माणूस धूळ पुसत बसलाय! आता ह्याला काय म्हणावं? भाभी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अप्पा, जेवत नाहीत नीट. त्या फोटोसमोर बसून राहतात. लाज वाटते म्हणावं, तर लाजेनं माणूस असं करत नाही." मलाही तेच वाटत होतं.

फेब्रुवारी उजाडला. सात तारखेच्या रविवारी आम्ही बांधावर बसलो होतो. केवळाबाई हरभरा उपटत होती. आणि थवा चरत चरत तिच्याच शेतात शिरला. ती त्यांना हाकलायला उठणार, तेवढ्यात मी तिला हातानं थांबवलं. एक हंस थव्यातून निघून थेट आमच्याकडं चालत आला. तीस पावलांवर उभा राहिला. मान वर, गळ्यात हिरवी पट्टी, पट्टीवर पांढरी अक्षरं. उजेड बरोबर, वारा नाही, धूळ नाही.

ताहेरचा डोळा कॅमेऱ्याला. बोट खटक्यावर. मी वाट बघतोय, आता दाबेल, आता दाबेल. हंस पाच मिनिटं उभा होता म्हणा ना. मला राहवेना. "दाब की रे! तुझ्या बापाचा नोकर आहे का तो?"

माझ्या आवाजानं थवा उडाला.

मग माझा तोल गेला. काय काय बोललो आठवत नाही. भित्रा म्हटलं, ढोंगी म्हटलं, रविवारच्या रविवार माझी झोप मोडली त्याचा हिशेब काढला. ताहेर कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. मी थांबल्यावर म्हणाला, "अप्पा, मी खोटं बोललो. तो कचरा नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. नंबर वाचता येत होता. मी तो बघून पुसला."

"का?"

"भूकंपाच्या कामाला गेलो म्हणतो ना मी, ते काम काय होतं माहिती आहे? फोटो काढायचं. पंचवीस वर्षांचा होतो. नव्या घरांच्या कागदांसाठी सरकारी लोक पत्र्याच्या शेडपुढं रांग लावायचे. प्रत्येकाच्या हातात पाटी द्यायचे, गळ्यापाशी धरायला लावायचे. पाटीवर गावाचं नाव आणि घराचा नंबर. घर पडलेलं, नंबर तेवढा राहिलेला. म्हातारी माणसं, बाया, लेकरं. दोन हजारांवर फोटो काढले मी. कुणाला दम धरा म्हटलं नाही, कुणाला पाणी विचारलं नाही. पाटी वर घ्या, पुढं चला. दिवसभर हेच. संध्याकाळी पळून ह्या तळ्यावर येऊन बसायचो, कारण इथं कुणाच्या गळ्यात काही नसायचं." त्यानं लेन्सचं झाकण लावलं. "ते कुणाच्या गळ्यातून काढता आलं नाही मला. ह्याच्या गळ्यातलं काढता येत होतं, काढलं."

पंधरा वर्षं शेजारी दुकान, आणि मी ह्या माणसाला फक्त चिडवत आलो. लाज वाटली मला. सरळ सांगतो, लाज वाटली.

केवळाबाई हरभऱ्याची पेंढी बगलेत घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "एकशेबारा."

"काय?" मी विचारलं.

"माझा नंबर. ह्यानंच काढलाय की फोटो. ह्याला आठवत न्हाई, मला आठवतंय." मग ताहेरकडं वळली. "काय रे, आमच्या गळ्यात तू नंबर घातलास म्हणून सतरा वर्सं तोंड पाडून बसलास व्हय? आमच्या घरात आठ माणसं होती. पाट्या किती जणांनी धरल्या ठाव हाय? तिघांनी. पाटी धरायला जिते हात लागतेत, बाबा. मला तर वाटलं, चला, नंबर दिला, म्हंजी आपण हाय. त्या नंबरावरच घर भेटलं. ह्या गाईची आजी बी त्या नंबरावरच भेटली."

ताहेरनं मान वर केली.

"माझा राग निराळाच हाय," ती म्हणाली. "शेजारणीचा कंगवा मागून केस विंचरून आले हुते मी, आन् तू मेल्या डोळे मिटलेला फोटो काढलास. घराच्या कागदावर अजून मी झोपलेली हाय. पापणी हालवू नका म्हणाय तवा तोंड न्हवतं का तुला?"

"नव्हतं, मावशी," ताहेर म्हणाला. "तेव्हा 'पाटी वर घ्या, पुढं चला' याच्यापुढं शब्दच निघत नव्हता. नंतर म्हणायला लागलो."

"मंग आता त्या बदकाचा तरी नीट काढ," असं म्हणून ती गाईकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून ताहेरनं स्टुडिओ सकाळी बंद ठेवला. मी रोज त्याला घेऊन जायचो आणि तक्रार करत नव्हतो. बरं, थोडी करायचो. केवळाबाईनं त्या आठवड्यात हंसांना शेतातून एकदाही हाकललं नाही. तळ्याकडचा निम्मा हरभरा पाखरांनी साफ केला. वर आम्हालाच दम द्यायची, "लवकर उरका, न्हाईतर हरभऱ्याची डाळ तुमच्याकडूनच वसूल करीन." पाच दिवस हंस दुसऱ्या काठाला बसून आमची गंमत बघत होते. सहाव्या दिवशी, तेरा तारखेला, तो आला. ताहेर चिखलात पालथा. मी श्वास धरून बसलेला. आणि ह्या गड्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाट बघितली, हंस बाजूला वळेपर्यंत. मग खटका दाबला.

स्टुडिओत आल्यावर मोठा प्रसंग. हंसाच्या छातीला चिखल होता, एक पीस वाकडं होतं, चोचीला हरभऱ्याचं टरफल चिकटलेलं. ताहेरचा हात आपोआप माऊसकडं. भाभीनं त्याचा हात धरला तो धरला, फोटो पुनमला जाईपर्यंत सोडला नाही. म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली, इतका वेळ कधी हात धरू दिला नव्हता." मी बाहेर येऊन झेरॉक्स मशीन उगीच पुसत बसलो.

नंबर होता के सत्तेचाळीस. पुस्तिका वेळेवर छापून आली. मुखपृष्ठावर चिखलाचा हंस आणि खाली मोठ्या अक्षरात शेख ताहेर. यानं पन्नास प्रती विकत घेतल्या आणि वॉचमनपासून सगळ्यांना वाटल्या. मला दोन दिल्या, एक हरवली तर असावी म्हणून. आतले चाळीस मात्र गेले ते गेलेच, पुनमनं त्यात सूट दिली नाही, आणि ताहेरनं मागितलीही नाही.

त्यानंतर आठेक दिवसांनी, मंगळवारी भर दुपारी पुनमचा फोन आला. रांग चौकापर्यंत होती. फोन ऐकता ऐकता ताहेर स्टुलावर बसलेल्या पोरीला तशीच सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "अप्पा, गाडी काढ." मी म्हटलं, "वेड लागलं का, गिऱ्हाइकं बघ." तो म्हणाला, "गाडी काढ." वाटेत त्यानं काही सांगितलं नाही. खंड्या दिसला तरी वळून बघितलं नाही.

केवळाबाई गोठ्यात गाईला पाणी दाखवत होती. ताहेर धापा टाकत म्हणाला, "मावशी, त्याचं कळलं. आपल्या हंसाचं. सात वर्षांपूर्वी तिकडं पट्टी घातली होती. नंतर तीन वर्षं कुठं कुठं दिसला, आणि मग चार वर्षं कुठंच नाही. त्यांनी त्याला मेलेल्यांत धरलं होतं, यादीत फुली मारली होती. आपला फोटो बघून ती फुली काढली त्यांनी."

केवळाबाईनं बादली खाली ठेवली. "चार वर्सं? मंग लवकर झालं म्हणायचं," ती म्हणाली. "आमची जाऊ पार्वतम्मा त्या दिवशी माहेरी हुती, सेडमला. रांगेत न्हवती, तिचं नाव मेलेल्यांत गेलं. माझ्यासंगं हपिसात जाऊन म्हणायची, सायेब, मी जिती हाय, हे बघा, बोलायले की. सायेब म्हणायचे, कागद आणा. तिला कागदावर जितं व्हायला सहा वर्सं लागली. बदकाचं नशीब चांगलं, त्याला तू भेटलास."

ताहेर हसला. खूप दिवसांनी असा मोठ्यानं हसला. मग हसता हसता तो गोठ्याच्या मेढीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी नुसता उभा होतो. केवळाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं.

"येडा का खुळा तू," ती म्हणाली. "जिता हाय म्हणायलास, आन् रडायलास व्हय रे?"